पुढच्या दाराचा कब्जा

आमच्या सोनागिरीच्या घराचं पुढचं दार उघडायची एक रीत होती. मूठ धरून दार किंचित वर उचलायचं आणि उजव्या खांद्याने एक धक्का द्यायचा. नुसतं ढकललं तर ते फरशीला घासून मध्येच अडायचं आणि असं किंचाळायचं की समोरच्यांचं कुत्रं भुंकायला लागायचं. पाहुण्यांना ही रीत ठाऊक नसे, त्यामुळे आमच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा आधी दारात अडकायचा आणि मग आत यायचा. घरातल्यांच्या मात्र ती खांद्यातच मुरली होती. दादा पुण्याला जाऊन इतकी वर्षं झाली, पण सुट्टीत आला की हातातली बॅगसुद्धा खाली न ठेवता खांदा लावून आत शिरायचा. त्या एका गोष्टीत तरी तो अजून या घराचा होता.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. बाबा साताऱ्याकडून इथे भोपाळला कारखान्यात फिटर म्हणून आले. आम्ही दोघं कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढलो आणि निवृत्तीच्या सुमारास बाबांनी टाउनशिपला लागून असलेल्या सोनागिरीत हे बसकं घर बांधलं. दादा शिकून पुण्याला गेला, तिथलीच मुलगी केली, तिथलाच झाला. मी राहिले. माझं लग्न झालं नाही असं लोक म्हणतात. मी केलं नाही असं मी म्हणते, आणि हा फरक ज्याला कळत नाही त्याला मी दुसऱ्यांदा चहा विचारत नाही. बाबा गेले, मग आईने अंथरूण धरलं, मग आईही गेली. दिवसा मी एम. पी. नगरमधल्या एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात फोन घेते आणि संध्याकाळी या घरात परत येते. माझं आयुष्य एवढ्यात सांगून होतं.

आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात दादा आणि वहिनी आले. पहिल्याच सकाळी दादा मोबाइल घेऊन घरभर फिरला. लोक माणसांचे फोटो काढतात, याने डागांचे काढले. हॉलच्या भिंतीला ओल येऊन रंगाचे पापुद्रे सुटले होते, त्याचा काढला. नळांवर बोअरच्या पाण्याची पांढरी पुटं चढली होती, त्यांचा काढला. स्वयंपाकघरातला तेलकट एग्झॉस्ट, तुंबणारी मोरी, बाथरूमच्या टाइल्समधल्या काळ्या फटी. शेवटी उकिडवं बसून पुढच्या दाराखालच्या फरशीवरची तो अर्धगोल ओरखडाही त्याने टिपला. मी तेव्हा कणीक मळत होते. मला वाटलं, दुरुस्तीसाठी कुणाला तरी दाखवायचे असतील.

जेवताना कळलं. दादाने फोन ताटाशेजारी ठेवला आणि एकेक फोटो सरकवत मला माझंच घर दाखवलं. मग म्हणाला, "हे राहण्यासारखं राहिलं नाही गं. दिवाळीपर्यंत विकून टाकू." त्याचं सगळं ठरलेलं होतं. माझ्या वाट्याच्या पैशात कोलार रोडला एका खोलीचा फ्लॅट येईल, तिथे मेंटेनन्सवाले असतात, काही बिघडलं की नुसता फोन करायचा. नाहीतर सरळ पुण्याला यायचं. हॉलमधल्या सोफ्याचा रात्री पलंग होतो, असं वहिनींनी पुस्ती जोडली. त्या वाईट मनाने बोलत नव्हत्या. सोफा नवीन होता.

मला राग आला. तो कशाचा, हे तेव्हा नीट सांगता आलं नाही, आता सांगते. राहण्यासारखं नाही म्हणालेल्या घरात मी राहत होते. त्याच भिंतीला पाठ लावून आईला भरवलं होतं, त्याच नळाखाली तिच्या चादरी धुतल्या होत्या. माणसं उपाशी असताना भांड्यांना कल्हई नाही म्हणून ओरडावं, तसलं ते बोलणं होतं. मी एवढंच म्हणाले, की दिवाळीला ये आणि मग सांग राहण्यासारखं आहे की नाही. दादाने विचारलं, काय काय नीट करणार आहेस तू. मी म्हटलं, सगळं. त्याने वहिनींकडे पाहिलं, वहिनींनी ताकाचा गंज पुढे सरकवला आणि विषय तिथे थांबला.

गाडीत बसताना दादाने सगळे फोटो घराच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं होतं, कल्पना यावी म्हणून.

मी नळांपासून सुरुवात केली, कारण नळ बदलावे लागतील असं वहिनींनी छातीठोकपणे सांगितलं होतं. कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवायचं, जुन्या बनियनचा तुकडा त्यात भिजवून नळाला गुंडाळायचा, वरून रबर लावायचं आणि रात्रभर विसरून जायचं. सकाळी टूथब्रशने घासलं की पुटं खपलीसारखी निघतात आणि आतून जुना नळ हसतो. शॉवरला हेच पाणी पिशवीत भरून बांधलं. एकदा पिशवी फुटली आणि पाणी बाहेरच्या कोटा फरशीवर सांडलं. कोट्याला आंबट चालत नाही, चकाकी जाते. तो फिकट डाग अजून आहे आणि मी त्यावर पायपुसणं टाकलेलं नाही. शेजारच्या काकूंनी सुचवलं, की तेजाब आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कर, सगळं एका दमात साफ होईल. मी नको म्हटलं. दोन विषं एकत्र करायची नाहीत, एवढं तरी भोपाळमध्ये कुणाला शिकवावं लागू नये.

एग्झॉस्टला धुण्याचा सोडा आणि उकळतं पाणी पुरलं. मोरीला मात्र काही पुरेना. बाजारातली पूड टाकून झाली, उकळतं पाणी ओतून झालं. शेवटी हातमोजा घालून जाळी उचलली, आत हात घातला आणि काय काय बाहेर काढलं ते जेवणाआधी कुणी वाचत असेल म्हणून लिहीत नाही. एवढं सांगते, की त्यात आईचा एक केसांचा आकडा होता. तो धुऊन मी आरशाच्या कोपऱ्यात अडकवला. दादाच्या फोटोंमध्ये तो आला नसता.

बाबांच्या लेखी वस्तूंना दोनच रोग होते. कुठलीही वस्तू हातात घेतली की ते आधी उलटी करून बघायचे आणि निकाल द्यायचे, "मोडलं नाही, सुटलंय." मोडलेलं फार थोडं असतं, बहुतेक सुटलेलंच असतं, आणि सुटलेलं बसवता येतं, असं त्यांचं म्हणणं. आम्ही भावंडं भांडलो तरी ते हेच म्हणायचे. त्यांची हत्यारांची पेटी आईने खाटेखाली जपून ठेवली होती. मी ती बाहेर ओढली, गंज पुसला, तेलाचा हात फिरवला आणि हॉलच्या भिंतीपुढे उभी राहिले.

त्या भिंतीने आमची इतकी वर्षं चेष्टा केली होती. दर थोड्या वर्षांनी रंगारी यायचा, पापुद्रे खरवडायचा, पुट्टी भरायचा, वर सुरेख क्रीम रंग मारायचा आणि पुढच्या उन्हाळ्याआधी भिंत पुन्हा फुगायची. या वेळी मी रंगाऱ्याला बोलावलंच नाही. ओल जिथवर आली होती तिथे पेन्सिलीने कड आखली. पुढच्या रविवारी पाहिलं तर ओल रेषेबाहेर गेली होती, पुन्हा आखली. भिंतीवर एखाद्या जिल्ह्याचा नकाशा तयार झाला. मग मी बाथरूमला जाणारी पाण्याची लाइन वॉल्व्हला बंद केली आणि बादलीने अंगणातून पाणी आणून अंघोळ करायला लागले. जिल्हा वाढायचा थांबला. म्हणजे पाणी जमिनीतून चढत नव्हतं, भिंतीतल्या पाइपातून येत होतं. प्लंबरने भिंत फोडली तेव्हा आत एक कुजलेला एल्बो निघाला. तो बदलायला चहाच्या दोन फेऱ्यांएवढा वेळ लागला.

खरं काम त्यानंतरचं होतं आणि ते म्हणजे काहीही न करणं. मी सगळा गिलावा विटांपर्यंत काढला आणि भिंत तशीच उघडी ठेवली. भिंतीला वाळायला वेळ लागतो. माणसांना तेवढा धीर नसतो म्हणून ती पुट्टी लावतात. येणारा-जाणारा त्या उघड्या विटांकडे बघून च्च च्च करायचा. व्हिडिओ कॉलवर वहिनींना त्या दिसल्या तेव्हा त्या म्हणाल्या, अगं बाई, भिंतच काढलीस की काय. दादा मागून म्हणाला, हे असं अर्धवट करून ठेवण्यापेक्षा केलंच नसतं तर बरं. पुण्यात बसून तो असा उंटावरून शेळ्या हाकत होता. मी म्हटलं, भिंत वाळतेय, तोवर तू पाणी पी.

पावसाळा सरत आला तेव्हा भिंतीला नवा गिलावा झाला, तिथे ओल राहिली नाही, आणि यादीत एकच गोष्ट उरली. पुढचं दार. पावसाने ते असं फुगलं होतं की खांद्यालाही दाद देईना. मी चौकातल्या सुतार मिस्त्रीला बोलावलं. त्याने दाराला एक लाथ मारून पाहिली, खाली वाकला, फरशीवरचा ओरखडा पाहिला आणि पिशवीतून रंधा काढला.

"अपन नीचे से छील देते हैं, दीदी। आज का काम आज।"

मी नाही म्हटलं. दार खालून छिललं की चार महिने छान चालतं. मग ते आणखी खाली येतं आणि पुन्हा घासायला लागतं. दादाच्या लग्नाच्या वेळी एकदा छिललं होतं, आई आजारी पडली तेव्हा व्हीलचेअर आत यावी म्हणून आणखी एकदा. आता उन्हाळ्यात दार आकसलं की खालून सगळ्या सोनागिरीची धूळ आत येते, पाली तर दार वाजवायचेही कष्ट घेत नाहीत. दार खाली घासतं, पण त्याचं दुखणं वर असतं. वरची बिजागरी चौकटीतून सुटली की दार आपल्याच वजनाने पुढे झुकतं आणि खालचा कोपरा फरशीला टेकतो. कोपऱ्याचा काही गुन्हा नसतो. तरी रंधा फिरतो तो त्याच्यावरच.

हे मला दाराबद्दल कळायच्या आधी माझ्याबद्दल कळायला हवं होतं. आमच्या घरात काहीही अडलं की मला थोडं खालून तासलं गेलं. दादाला पुण्याला पाठवायचं, म्हणून माझं कॉलेज एक वर्ष पुढे. बाबांना सोबत हवी, म्हणून माझी इंदूरची नोकरी नको. आता घर विकायचं, म्हणून मी सोफ्यावर. दर वेळी सगळं सुरळीत चालायला लागायचं आणि सगळे म्हणायचे, बघ, किती सोपं झालं. मिस्त्रीला यातलं काही सांगायची गरज नव्हती. मी त्याला एवढंच सांगितलं, की छीलना नहीं है, ऊपर का कब्ज़ा देखो.

इथे एक शब्द समजावून सांगायला हवा, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरून झालं. मराठीत जिला बिजागरी म्हणतात तिला भोपाळच्या बाजारात कब्जा म्हणतात. आई लग्न होऊन इथे नवीन आली तेव्हा हार्डवेअरच्या दुकानात जाऊन बिजागरी दो म्हणाली. दुकानदाराने अदबीने सांगितलं, बहनजी, बीज आगे चौराहे पर मिलेगा. आई बियाण्यांच्या दुकानापर्यंत जाऊन परत आली. तेव्हापासून आमच्या घरात बिजागरी हा शब्द बंद झाला. कब्जा करकरतोय, कब्ज्याला तेल घाल, कपाटाचा कब्जा गंजलाय, असंच आम्ही मराठीत बोलत वाढलो. घर, जमीन बळकावतात तो कब्जा निराळा. तो आम्हाला वर्तमानपत्रातून ठाऊक होता, घरात त्याचं काही काम पडलं नव्हतं.

वरच्या कब्ज्याला मी पेचकस लावला तर स्क्रू फिरवावेच लागले नाहीत, बोटांनी ओढले आणि आले. चौकटीतली भोकं पोकळ होऊन गेली होती. मोडलं नव्हतं, सुटलं होतं. मिस्त्री म्हणाला, हे दार गेलं, नवीन फ्लश डोअर लावून देतो, हलकं, डिझाइनवालं. मी म्हटलं, दार सागाचं आहे आणि कुठेही जात नाही. लाकडाच्या बारीक काड्या सरसात बुडवून मी भोकांत ठोकून बसवल्या आणि वाळू दिल्या. दुसऱ्या दिवशी नवा कब्जा आणि जुन्यापेक्षा लांब स्क्रू घेऊन आम्ही दोघं पुन्हा भिडलो. दाराखाली पाचर मारून मिस्त्रीने ते खांद्याने वर उचलून धरलं. त्याचं पुटपुटणं चालूच होतं, की आपकी ज़िद है, दीदी, मैं तो छील देता. मी स्टुलावर चढले. पहिला स्क्रू अर्धा आत गेला आणि फोन वाजला.

वहिनी होत्या. मी कोपराने फोन स्पीकरवर टाकला. धापा का टाकतेयस, त्यांनी विचारलं. आमचं पुढचं बोलणं मला अक्षरन् अक्षर आठवतं, कारण नंतर ते मला वारंवार ऐकवण्यात आलं.

"कब्जा चाललाय हो वहिनी. जुना पार गेला होता. आता असा पक्का करते की कुणाला हलवता येणार नाही."

वहिनींनी विचारलं, "दादाला विचारलंस?"

"त्याला काय विचारायचं? घरात मी राहते, मीच करणार."

"एकटीच आहेस का?"

"एक माणूस बोलावलाय. तो धरून ठेवतो, मी ठोकते."

फोन बंद झाला. मला वाटलं रेंज गेली.

वहिनी पक्क्या पुण्याच्या. तिकडे कब्जा घेतात तो जमिनीचा, आणि धरून ठेवायला माणूस बोलावला म्हणजे तो कसला माणूस असतो तेही सर्वांना ठाऊक असतं. एका अक्षरावरून इतिहासात खून झाला, ध चा मा केला म्हणून. इथे तर तेवढीही मेहनत पडली नाही. शब्द जसाच्या तसा पोचला आणि तरी घात झाला. मला मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कब्जा बसला, पाचर काढली, मिस्त्रीने एका बोटाने दार ढकललं आणि ते आवाज न करता भिंतीपर्यंत गेलं. मिस्त्री म्हणाला, देखा दीदी, मैंने कहा था ना. मी त्याला चहा दिला.

पुढचे दिवस घराचा ग्रुप गप्प होता. मी नीट झालेल्या दाराचा व्हिडिओ टाकणार होते, मग म्हटलं नको, दिवाळीला येऊन बघेल. दादाला दोनदा फोन केला, त्याने घेतला नाही. कामात असेल असं मी धरून चालले. माझा भाऊ त्या वेळी पुण्यात एका वकिलासमोर बसून बहिणीने घराचा ताबा घेतला तर काय करता येतं हे विचारत होता, हे मला कुठून कळावं.

दिवाळीच्या आदल्या रविवारी सकाळी मी बाथरूममध्ये होते. टाइल्सच्या फटी खरवडून झाल्या होत्या आणि व्हाइट सिमेंट भरत होते. दूधवाला येऊन गेल्यामुळे पुढच्या दाराला आतून कडी नव्हती. बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला, फाटक वाजलं, आणि क्षणात हॉलमध्ये काहीतरी दाणकन आदळलं.

दादा होता. न कळवता आला होता, घंटा वाजवली नव्हती, आणि रागात होता. त्याने सवयीने मूठ वर उचलली, सवयीने खांदा लावला, आणि रागामुळे नेहमीपेक्षा जास्त जोर लावला. दार कुठेच अडलं नाही. तो बॅगेसकट आत आला आणि चपलांच्या स्टँडला धडकून थेट हॉलच्या मधोमध हातापायांवर पडला. मी धावत बाहेर आले तेव्हा तो तसाच ओणवा होता आणि माझ्याकडे न बघता दाराकडे बघत होता.

"लागलं का रे?" मी विचारलं.

"दाराला काय केलंस?"

"कब्जा बदलला."

तो उठून बसला. त्याचे ओठ हलले, त्याने तो शब्द स्वतःशी म्हणून पाहिला. दादाही याच घरात मोठा झाला होता, त्यालाही लहानपणी याच कब्ज्याला तेल घालायला लावलं होतं. पुण्याच्या इतक्या वर्षांखाली तो शब्द पुरला गेला होता, तो आता हळूहळू वर येताना मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता. मी पेटीतून जुना गंजका कब्जा काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. तो एकदम हसायला लागला आणि हसता हसता त्याने वकिलाचं सांगून टाकलं. वहिनींनी काय ऐकलं तेही सांगितलं, त्या धरून ठेवणाऱ्या माणसासकट.

मीही हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. बायको परक्या शहरातली, तिला शब्द कळला नाही, ठीक आहे. पण याला बहीण कळली नाही. मी माणूस आणून घर बळकावीन हे त्याला खरं वाटलं, फोन करून विचारावंसंही वाटलं नाही, वकिलाकडे जावंसं वाटलं. हे मी त्याला म्हटलं. त्याने मान खाली घातली आणि गुडघा चोळत राहिला.

मग तो घरभर फिरला. या वेळी त्याने फोन काढला नाही. नळ सोडून पाहिला, मोरीत तांब्याभर पाणी ओतून ते जाताना पाहिलं. हॉलच्या भिंतीवरून तळहात फिरवला, एकदा नाही, बराच वेळ. आरशापाशी आईचा आकडा त्याला दिसला, तिथे तो थांबला. मला वाटलं, जिंकले.

चहा पिताना त्याचा जीव भांड्यात पडलेला दिसत होता. तो म्हणाला, "कमाल केलीस गं. म्हणजे कब्ज्याबिब्ज्याचं काही नव्हतं, बरं झालं. आता शांतपणे ठरवू. घर एवढं नीट झालंय, आता गिऱ्हाईकही चांगलं मिळेल."

मी कप खाली ठेवला. माझ्या बोटांवर सिमेंट वाळून तडे गेले होते. त्या क्षणी मला जितकं स्वच्छ दिसलं तितकं त्या नळांवरचं पुट निघाल्यावरही दिसलं नव्हतं. मी सगळा उन्हाळा आणि सगळा पावसाळा कोपराच तासत बसले होते. दुखणं वर होतं.

"दादा," मी म्हटलं, "राहण्यासारखं नव्हतं म्हणून विकायचं होतं. आता राहण्यासारखं झालं म्हणून विकायचं. मग मी राहायचं कधी?"

हा प्रश्न कुणी विचारेल असं त्याला वाटलंच नव्हतं. मी पुढे बोलले, कारण आता थांबले असते तर पुन्हा रंधा फिरला असता. मी सांगितलं, की दाराचा कब्जा मी बदलला. घराचा घेतला नव्हता, कारण आपल्याच घराचा असा काही घ्यावा लागतो हे मला माहीत नव्हतं. तू वकिलाकडे जाऊन ते शिकवलंस, तर आता घेतला असं समज. अर्धं घर तुझं आहे, ते कुणी खात नाही. तुझी खोली तशीच आहे, ये, राहा, महिनाभर राहा. पण विकायला माझीही सही लागते, आणि माझे हात सिमेंटने भरलेत.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"मी आहे तोवर भरलेलेच राहतील."

दादा उठून अंगणात गेला आणि पुष्कळ वेळ वहिनींशी फोनवर बोलला. मी बाथरूममध्ये जाऊन उरलेल्या फटी भरल्या. एक रेघ वाकडी गेली, ती मी तशीच राहू दिली. मला वाईट वाटलं नाही म्हटलं तर खोटं होईल. भाऊ एकच आहे. पण वाईट वाटतं म्हणून मागे सरकायचं, हा प्रकार मी इतकी वर्षं करून पाहिला होता आणि त्याने खाली नुसती फट वाढत गेली होती.

त्याने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. संध्याकाळी त्याने बाजारातून आकाशकंदील आणला. तो टांगायला भिंतीत खिळा ठोकताना मी त्याला नव्या गिलाव्यापासून लांब ठेवलं. विकण्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही, मीही काढला नाही. दुसऱ्या दिवशी त्याची गाडी होती.

निघताना रिक्षा दारात उभी होती. दादाने बॅग उचलली, पायरी उतरला आणि मागे वळून सवयीने मूठ वर उचलायला हात घातला. मग थांबला. मूठ सोडली, एका बोटाने दार ओढलं. ते आवाज न करता मिटलं. मी आतल्या बाजूला उभी होते. माझ्यासमोर दार पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं, आणि तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा तो उंबऱ्यापलीकडे उभा राहून वरच्या कोपऱ्याकडे बघत होता.

"चांगला बसलाय गं," तो म्हणाला.

"बसणारच," मी म्हटलं. "मी बसवलाय."